फियाट पालिओ १.६ ट्रॅकवर: हंगामभराच्या वापरानंतर

हौशी ट्रॅक रेसिंगसाठी जुनी पालिओ १.६ जीटीएक्स घेतली, तर तिचं लोखंड दगा देणार नाही, रबर देईल. हंगामभर गाडी पिळून काढल्यावर हे मत पक्कं झालंय. इंजिन शाबूत, गिअरबॉक्स शाबूत, बॉडी शाबूत. जे गळलं, सुटलं किंवा हललं ते पाइप, सील, बुश (सांध्यांमधली रबरी नळकांडी) आणि माउंटिंग यांपैकीच काहीतरी होतं. सोलापूरच्या गाडीला हे जास्तच लागू आहे. आपल्याकडे हवा कोरडी आणि पाऊस बेताचा, म्हणून मुंबई-कोकणातल्या गाड्यांसारखा खालचा पत्रा सडलेला नसतो. पण चाळीस-बेचाळीसच्या उन्हात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत एकही रबर मऊ उरत नाही. चकचकीत पत्रा बघून सौदा करू नका, बॉनेटखाली हात घालून नळ्या दाबून बघा.

पालिओ भारतात २००१ साली आली, कुर्ल्याच्या कारखान्यातून. १५९६ सीसी, १६ व्हॉल्व्ह, १०० हॉर्सपॉवर. आज हे आकडे कोणाला मोठे वाटणार नाहीत, पण स्टिअरिंगमधून हाताला जे कळतं ते नव्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या गाड्यांत मिळत नाही. पहिल्या हंगामात इंजिनच्या ताकदीला हात लावायचा नाही, असं आमचं ठाम मत आहे. कॅमशाफ्ट जगभर पाठवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स आपल्याच गावात असल्यामुळे सोलापुरात कॅमवर चर्चा लवकर सुरू होते. मात्र ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं) मॅपिंग न बदलता जास्त ड्युरेशनचा (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा) कॅम घातला, तर आयडलिंग बिघडतं आणि वळणातून बाहेर पडताना लागणारी मधल्या आरपीएमची ओढ जाते. आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. एकमेकांत दहा टक्क्यांच्या आत फरक असेल तर इंजिन उघडायची गरज नाही.

टायमिंग पट्टा (क्रँक आणि कॅम जुळवून फिरवणारा) मात्र मीटर काहीही दाखवत असला तरी पहिल्याच दिवशी बदला. या १६ व्हॉल्व्ह इंजिनात पट्टा तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि हेड उतरवावं लागतं. नुसत्या खुणा बघून पट्टा चढवणारे मिस्त्री भेटतात, त्यांना नम्रपणे नाही म्हणा. कॅम लॉक करण्याची अवजारं लावूनच काम व्हायला हवं. टेन्शनर (पट्टा ताणणारी पुली) नवा घ्या. पट्टा बसल्यावर क्रँकच्या बोल्टवरून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि टायमिंग पुन्हा तपासा. त्याच वेळी क्रँकचं पुढचं सील आणि कॅमचं सील बदलून घ्या. ही सिलं स्वस्त आहेत, पण त्यातून झिरपलेलं ऑइल नव्या पट्ट्याचंही वाटोळं करतं.

पेट्रोलच्या नळ्यांकडे फार कमी लोक बघतात. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि वीस वर्षांपूर्वीची साधी नायट्राइल रबराची नळी त्यासाठी बनलेली नाही. ती आतून फुगते, मऊ होते आणि मग वाकवलेल्या जागी भेगा पडतात. इंजेक्शनच्या नळीत तीन बारच्या आसपास दाब असतो आणि खाली एक्झॉस्ट तापलेला असतो, तेव्हा हा विषय थेट आगीचा आहे. नळीवर एसएई जे३० आर९ असं छापलेलं असेल तीच घ्या. टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडून राहणाऱ्या तुकड्यासाठी आर१० लागते, कारण आर९ बाहेरून पेट्रोल सोसत नाही. क्लॅम्प इंजेक्शनच्या नळीसाठी असतो तो, गुळगुळीत पट्टीचा. खाचांचा साधा क्लॅम्प रबर कापतो.

कूलिंगमध्ये वरची-खालची होज, हीटरच्या होज, थर्मोस्टॅट आणि प्रेशर कॅप एकदमच बदला. एक नवी आणि बाकी जुन्या ठेवल्या तर पुढचा दुबळा दुवा फुटतो. पिवळी पडलेली एक्स्पान्शन टाकी सांध्यावर तडकते, ती ॲल्युमिनियमची करून घेतली आणि प्रश्न मिटला. फॅनला डॅशवर वेगळा स्विच द्या. सेशन संपल्यावर गाडी पिटमध्ये उभी केली की पाणी सर्वांत जास्त तापतं, त्या वेळी फॅन हाताने चालू ठेवता आला पाहिजे. ऑइल १०डब्ल्यू-४० वरून १०डब्ल्यू-६० वर नेलं. संपमध्ये (तळाच्या ऑइलच्या भांड्यात) बॅफल प्लेट (ऑइल एका बाजूला वाहू न देणारी आडपट्टी) वेल्ड केल्यावर लांब वळणात ऑइलचा दिवा लुकलुकायचा थांबला.

बुशचं काम सोलापुरात उत्तम होतं, आणि त्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं. यंत्रमागाचे सुटे भाग करणारे लेथवाले अक्कलकोट रोडला आहेत, त्यांचा हात बारीक मापाला बसलेला असतो. पॉलियुरेथेनचा भरीव रॉड आणा. रस्ता आणि ट्रॅक दोन्ही असेल तर कडकपणा शोर ८०ए, फक्त ट्रॅक असेल तर ९०ए. सस्पेन्शनच्या खालच्या आर्ममधले (चाक धरणाऱ्या दांड्यातले) जुने बुश हायड्रॉलिक प्रेसवर काढा. जाळून काढू नका, त्या धुराने छाती भरते आणि आर्मही तापतो. बुश बसतो त्या घराचा आतला व्यास तीन ठिकाणी मोजा, कारण जुनं घर क्वचितच गोल राहिलेलं असतं. बुशचा बाहेरचा व्यास त्याहून ०.२ ते ०.३ मिलिमीटर जास्त ठेवायचा. रॉड आदल्या रात्री डीप फ्रीझरमध्ये ठेवला तर टूलखाली दबत नाही आणि माप नीट येतं. टूल धारदार हवं, नाहीतर पॉलियुरेथेन कापलं न जाता वितळतं. मधली स्टीलची स्लीव्ह बुशच्या लांबीपेक्षा किंचित मोठी असू द्या. बोल्ट आवळल्यावर दाब स्लीव्हने घ्यायचा, बुशने नाही, तरच आर्म मोकळा हलतो. स्लीव्ह आणि बुश यांच्यात सिलिकॉन ग्रीस भरपूर लावा, नाहीतर प्रत्येक स्पीडब्रेकरवर करकर ऐकू येईल.

हाच उपाय मागच्या टॉर्शन बीमला (मागची चाकं जोडणाऱ्या, पीळ घेणाऱ्या दांड्याला) मात्र लावू नका. तो बुश फिरतो तसा पिळलाही जातो, तिथे कडक पॉलियुरेथेन घातलं की बीम अडकतो आणि ताण बॉडीवरच्या ब्रॅकेटवर जातो. तिथे नवं मूळ रबरच घाला. इंजिनच्या माउंटिंगमध्ये पॉलियुरेथेन एकाच ठिकाणी वापरलं. खालच्या टॉर्क माउंटिंगच्या पोकळ्या पॉलियुरेथेनने भरल्यावर गिअर बदलताना लीव्हर उसळायचा थांबला. बाजूची दोन्ही माउंटिंग मूळ रबराची ठेवली आहेत, नाहीतर कंपनांनी एक्झॉस्टचे सांधे सुटायला लागतात.

पुढे कॅम्बर (चाकाचा उभा कल) उणे २ ते २.५ अंश आणि टो (चाकांची पुढची टोकं आत की बाहेर वळलेली ते) किंचित बाहेर, दोन्ही चाकं मिळून २ मिलिमीटर. मूळ स्ट्रटला (स्प्रिंग आणि शॉकच्या खांबाला) कॅम्बर बदलायची सोय नाही, म्हणून सरकती टॉप प्लेट बनवून घ्यावी लागते. टायर गार असताना २७ पीएसआय भरून सोडा आणि गरम झाल्यावर ३३ च्या आसपास येईल असं बघा. पायरोमीटरने टायरची आतली कड, मध्य आणि बाहेरची कड यांचं तापमान मोजा. बाहेरची कड आतल्यापेक्षा जास्त गरम येत असेल तर कॅम्बर अजून कमी पडतोय. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचायला विसरू नका, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. नक्षी कितीही उरलेली असो, जुना टायर ट्रॅकवर लाकडासारखा घसरतो.

चाकांची खरी अडचण वेगळीच आहे. फियाटचं पीसीडी (बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ४x९८, हबचं मधलं भोक ५८.१ मिलिमीटर. बाजारातल्या बहुतेक अलॉयचं पीसीडी ४x१००. "दोन मिलिमीटरने काय होतंय, बोल्ट ओढून बसतो" असं दुकानदार सांगतात. बोल्ट तिरका बसतो, आवळलेला वाटतो आणि काही लॅपनंतर सैल होतो. ४x९८ पीसीडीचीच चाकं शोधा. फक्त ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) आणि कॅलिपरपाशी जागा आधी तपासून घ्या. बोल्ट एम१२, पिच १.२५, टॉर्क रेंचने ८६ न्यूटन-मीटर, आणि पहिल्या सेशननंतर पुन्हा तपासणी.

ब्रेक दुसऱ्या सेशनमध्ये पेडल खोल जाऊन तक्रार सांगतात. कारण बहुतेक वेळा जुनं फ्लुइड. डॉट ३ नवं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ २३० ला, डॉट ५.१ २६० ला, पण ओलावा शोषलेलं डॉट ४ १५५ पर्यंत खाली येतं. ५.१ भरा आणि ट्रॅकच्या प्रत्येक खेपेआधी ब्लीड करा (नळ्यांतली हवा काढा). पुढच्या रबरी होजऐवजी स्टीलची वेणी असलेल्या टेफ्लॉनच्या होज, कॅलिपरची सिलं नवी, मागच्या ड्रममधल्या व्हील सिलिंडरचे कप नवे. इथेही सगळं रबरच, बघा.

रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा पाइपचा सांगाडा) हा एकमेव भाग जिथे काटकसर करू नये. एफआयएच्या (जागतिक मोटार क्रीडा संघटनेच्या) नियमात मुख्य हूपला (चालकाच्या मागच्या कमानीला) अखंड सीडीएस (गार ओढून बनवलेला) पाइप ४५x२.५ किंवा ५०x२ मिलिमीटर, बाकीच्यांना ३८x२.५ किंवा ४०x२. बॉडीवरची प्लेट किमान ३ मिलिमीटर जाड आणि १२० चौरस सेंटिमीटरची, पायाला किमान तीन एम८ बोल्ट, ८.८ ग्रेडचे. फर्निचरचा ईआरडब्ल्यू (शिवण वेल्ड केलेला) पाइप दिसायला सारखाच असतो, पण तो चालत नाही. वेल्डिंगआधी बॅटरी काढा आणि ईसीयूचा कनेक्टर सोडा. फियाटमध्ये ईसीयू, इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) आणि किल्ली एकमेकांशी जुळलेली असतात. ईसीयू जळला तर दुसऱ्या गाडीचा नुसता आणून बसवता येत नाही. केजचा पाइप डोक्याजवळ येतो तिथे एफआयएचं पॅडिंग लावा, आणि सीट बेल्टवरची तारीख बघा, त्यांची मुदत संपते.

केज, बकेट सीट आणि किल स्विच (सगळी वीज तोडणारा) घातलेली गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे रस्त्यावर चालवता येत नाही. सोलापुरात ट्रॅक नाही. चेन्नईजवळचं ३.७ किलोमीटरचं मद्रास सर्किट किंवा कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे, दोन्हीकडे आठशे-हजार किलोमीटर ट्रेलरवरून जावं लागतं. त्या प्रवासात गाडी आर्मला बांधू नका, चाकांना पट्टे टाका. आर्मला बांधली तर नवे बुश ट्रॅकवर पोचायच्या आधीच सतत दाबाखाली राहतात.

उणिवाही सांगायला हव्यात. डिफरेन्शियल उघडं असल्यामुळे घट्ट वळणात आतलं चाक फिरतं आणि ताकद वाया जाते. एलएसडी (आतलं चाक फिरलं तरी बाहेरच्या चाकाला ताकद देणारं डिफरेन्शियल) बाहेरून मागवावा लागतो, तोपर्यंत मागे जाड अँटी-रोल बार घालून नाक थोडं वळतं करता येतं. दुसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअरचा वेग जुळवणारी कडी) घाईने डाउनशिफ्ट केलं तर कुरकुरतो. सुट्या भागांसाठी पुण्या-मुंबईचे जुने फियाट दुकानदार आणि भंगारातल्या पालिओ हेच आधार आहेत, म्हणून शक्य असेल तर भागांसाठी दुसरी एक गाडी घेऊन ठेवा.

एमएच-१३ (सोलापूर) पासिंगची १.६ विकायला दिसली तर एवढं तपासा. ड्राइव्हशाफ्टचे बूट फाटलेत का, गार इंजिन चालू करताना निळा धूर येतो का, एक्स्पान्शन टाकीत तेलाचा तवंग आहे का, मूळ किल्ल्या आणि कोड कार्ड सोबत मिळतंय का. आणि आरसी १५ वर्षांनंतर नूतनीकरण झालेली आहे का ते बघा, कारण कागद अडकले तर भाग म्हणूनही ती गाडी नीट हस्तांतरित होत नाही.