व्हॅक्युम अँकर मस्त, पण सेटमधला लॅनयार्ड विंगवर बिनकामाचा

विमानाच्या विंगवर चढून काम करणाऱ्यांसाठी हा सेट येतो, व्हॅक्युमने चिकटणारा अँकर, फुल बॉडी हार्नेस (अंगभर बांधायचे पट्टे) आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरवाला लॅनयार्ड, म्हणजे हार्नेस अँकरला जोडणारा दोर. अँकरला पैकीच्या पैकी मार्क, लॅनयार्डला भोपळा. का ते हिशोब करून बघा. लॅनयार्ड 1.8 मीटर, झटका बसला की अ‍ॅब्सॉर्बर उसवत आणखी मीटरभर लांबतो, त्यात हार्नेसच्या पाठीवरच्या कडीपासून (डी-रिंग) पायापर्यंत माणूसच दीड मीटर, म्हणजे अँकरच्या खाली सव्वाचार मीटर तर असेच गेले, वर थोडी मार्जिन पण पाहिजे. आणि ए320 किंवा 737 ची विंग बुडाशी जमिनीपासून असते किती, तीन-चार मीटर! म्हणजे अ‍ॅब्सॉर्बरचं काम पूर्ण व्हायच्या आधीच माणूस खाली आपटलेला.

म्हणून अ‍ॅडजस्ट होणारा रिस्ट्रेंट रोप वेगळा घ्या आणि तो इतका आखूड ठेवा की कडेपर्यंत पोचताच येणार नाही. सेल्फ रिट्रॅक्टिंगवाला ब्लॉक (दोर आपोआप आत ओढून घेणारा) पण चालेल असं विकणारे सांगतात, पण अँकर पायाशी असताना आणि दोर कडेवर घासणार असताना चालेल असं त्यावर लिहिलेलं असेल तरच घ्या, आणि खाली किती जागा लागते ते आधी बघा.

अँकर मात्र खरंच भारी. ड्रिलिंग नाही, पॅड ठेवला, व्हॅक्युम चालू केला, गेजचा काटा हिरव्यात आला की हलवून बघायचं, बास. फक्त खालचा पत्रा कोरडा हवा, स्कायड्रॉलचा (विमानातलं हायड्रॉलिक तेल) ओघळ राहिला तर पॅडचं सील नीट धरत नाही (आणि बूट घसरतात ते वेगळंच). मेन्टेनन्स मॅन्युअलमधे जिथे पाय ठेवायला परवानगी आहे तिथेच लावा, पॅनलच्या जोडावर नको. व्हॅक्युम कमी झाला की अलार्म वाजतो खरा, पण शेजारी रिव्हेट गन चालू असेल तर कोणाला ऐकू येणार, लाइटवालं मॉडेल बघा. एअर होजवालं स्वस्त पडतं पण तोच पाइप पायात येतो, सिलिंडरवालं बरं.

आणि हे घेतलं म्हणजे पडायचा प्रश्न मिटला असं नाही हां, स्टँड बाजूला घेतल्यावर उघडा राहिलेला केबिनचा दरवाजा आणि डॉक (विमानाभोवतीचा कामाचा प्लॅटफॉर्म) व फ्युजलाज (विमानाचं धड) यांच्यामधली फट, तिथे हा अँकर कोणी लावत नाही, तिथे रेलिंग आणि बॅरियर स्ट्रॅपच लागतो. ऑर्डर देताना सीलचे स्पेअर मिळतात का ते विचारून घ्या.