व्हिलनचं कारस्थान: तारीखवार वही की सहा फाकांचं घड्याळ?

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या कथाखेळात नवी कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठका चालणारी सलग गोष्ट, सुरू करणाऱ्या डीएमला (गोष्ट चालवणाऱ्याला) एक गोष्ट लवकर ठरवावी लागते. व्हिलन वर्ष-दीड वर्ष पडद्याआड जे शिजवत राहणार, त्याचा हिशोब ठेवायचा कसा? बडोद्यातल्या आमच्या टेबलावर दोन रीती चालवून झाल्या आहेत: तारखा लिहिलेली वही आणि फाका भरायचं घड्याळ, म्हणजे कागदावर काढलेलं वर्तुळ. तिसरी रीत म्हणजे आधी काहीच न ठरवता, पार्टीने (खेळणाऱ्यांच्या पात्रांच्या टोळीने) जे केलं त्यावरून व्हिलनची पुढची चाल रचणं. चार-पाच सेशन (बैठका) ती झकास चालते. मग खेळणाऱ्यांना वास येतो की या माणसाला स्वतःचं असं काही हवंच नाहीये. छोट्या खेळाला ठीक, लांब कॅम्पेनला नको.

उरलेल्या दोघींना एकच कारस्थान लावून बघू. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या जगात राजाला नुसतं विष घालून भागत नाही. 'रेज डेड' हा मंत्र येणारा पुजारी आणि 500 सुवर्णमुद्रांचा हिरा हाताशी असला, की मेलेला माणूस दहा दिवसांच्या आत परत उठवता येतो, अंगातलं विषही उतरतं. म्हणून आमच्या व्हिलनला, म्हणजे राज्याच्या दिवाणाला, आधी शहरातले हिरे गायब करावे लागतात. सराफांकडचे हिरे दलालांमार्फत उचलायचे. देवळाच्या खजिन्यातले 'मुकुटाच्या डागडुजीसाठी' मागून घ्यायचे. मोठ्या पुजाऱ्याला लांबच्या यात्रेला धाडायचं. मुदपाकखान्यात आपला माणूस घुसवायचा. विष घालायचं. आणि शेवटी मृत्यूची बातमी दहा दिवस दाबून ठेवायची. असे सहा टप्पे.

हे बियाणं आमच्याच गावचं आहे. 9 नोव्हेंबर 1874 ला रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांनी पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले, चव विचित्र लागली म्हणून उरलेलं फेकलं, आणि पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. तपासणीत सोमल आणि हिऱ्याची पूड निघाली. आरोप बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर आला. सहा जणांच्या आयोगात तीन इंग्रजांनी त्यांना दोषी धरलं, तीन हिंदी सभासदांना पुरावा पटला नाही. एप्रिल 1875 मध्ये गादी गेली, पण कारण लावलं गैरकारभाराचं. विषातही हिरा आणि खेळातल्या उताऱ्यातही हिरा! इतका तयार माल सोडून देण्याइतका मी विरक्त नाही.

वहीच्या रीतीत प्रत्येक टप्प्याला खेळातल्या जगाची तारीख पडते. फेरून या खेळातल्या काल्पनिक जगाचं कॅलेंडर वापरत असाल तर काम सोपं: 30 दिवसांचे 12 महिने, दहा दिवसांचा आठवडा आणि महिन्यांच्या मध्ये पेरलेले 5 सण. पार्टी कुठेही असो, त्या तारखेला दिवाण आपलं काम उरकतो. याचा फायदा प्रवासात कळतो. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत रोजची चाल साधी 24 मैल, जलद 30, सावकाश 18. देऊळ 90 मैलांवर असेल तर जलद चालीने तीन दिवस, सावकाश गेलात तर पाच. जलद गेलं तर वाटेतला धोका हेरण्यात पाच गुण कमी होतात, सावकाश गेलं तर लपतछपत जाता येतं. एरवी हा नियम कुणी विचारत नाही. वही असली की टेबलावर त्यावरून खरी भांडणं होतात, आणि ती ऐकायला मला फार आवडतात.

व्हिलनच्या हातात नसलेली तारीखही वहीतच शोभते. 1863 पासून पादरा गावी कैदेत असलेले मल्हारराव 1870 मध्ये थोरले भाऊ महाराज खंडेराव यांच्या मृत्यूनंतर गादीवर आले खरे, पण तेव्हा खंडेरावांच्या राणी जमनाबाई गरोदर होत्या. मुलगा झाला असता तर गादी त्याची. 1871 मध्ये मुलगी झाली. तोवरचे ते महिने दरबारात कोण कुणाकडे झुकत असेल, याची नुसती कल्पना करा! घड्याळाची फाक पार्टीला खोडता येते, बाळंतपण कुणाला खोडता येत नाही.

वहीचा त्रास दुसरीकडे आहे. पार्टीने दलालाचा तांडा लुटला, हिरे नदीत गेले, की पुढच्या सगळ्या तारखा पुन्हा मांडायच्या. शिवाय खेळणाऱ्यांना जगाची तारीख लक्षात हवी. नवरात्रात इथे कोण फासे हातात घेतो? नऊ रात्री गरबा, मग दिवाळी. जानेवारीत उत्तरायणाचे दोन दिवस अख्खं टेबल गच्चीवर, मग युनिव्हर्सिटीच्या परीक्षा. एवढ्या खंडानंतर 'आज महिन्याची सतरावी तारीख आहे' असं सांगितलं तर समोरून कोरे चेहरे बघायला मिळतात.

घड्याळ या बाबतीत दयाळू आहे. 2017 च्या 'ब्लेड्स इन द डार्क' या कथाखेळामुळे ही पद्धत बऱ्याच टेबलांवर पोचली: एक वर्तुळ काढायचं, त्याच्या 4, 6 किंवा 8 फाका करायच्या आणि गोष्ट पुढे सरकेल तशा भरायच्या. आमच्या दिवाणाला सहा फाका बरोबर बसतात. मी नियम असा ठेवतो: सेशनभर पार्टीने त्याच्या कामाला हात लावला नाही तर एक फाक भरते, नुकसान केलं तर एक खोडली जाते, आणि त्याच्याच माणसाला अजाणता मदत केली तर दोन. तांडा लुटला? एक फाक खोडली, झालं. महिनाभर खेळ बंद राहिला तरी कागदावरचं वर्तुळ जिथल्या तिथे असतं. ते सगळ्यांना दिसेल असं ठेवावं, नाव मात्र लिहू नये. निनावी वर्तुळ भरत चाललेलं बघून लोक जेवढे अस्वस्थ होतात, तेवढे ड्रॅगन बघूनही होत नाहीत.

फक्त एक पथ्य. प्रत्येक फाकेबरोबर रस्त्यावर काहीतरी दिसलंच पाहिजे, नाहीतर घड्याळ म्हणजे डीएमची खासगी करमणूक. पहिल्या फाकेला आमची पुजारीण 'रिव्हिव्हिफाय'साठी (नुकत्याच मेलेल्याला उठवणाऱ्या मंत्रासाठी) 300 मुद्रांचा हिरा घ्यायला गेली. सराफ म्हणाला, "ताई, माल नाही, पुढच्या पौर्णिमेला या." सगळ्यांना वाटलं डीएम कंजूषपणा करतोय. दुसऱ्या फाकेला दुसऱ्या पेढीवर तेच उत्तर आणि भाव दीडपट. तिसरीला मात्र कुणीतरी विचारलं, एवढे हिरे घेतंय तरी कोण?

घड्याळ कमी पडतं ते शेवटी. राजा मेल्यावर 'अजून एक फाक उरली आहे' याला काही धार नाही. 'आज आठवा दिवस, पुजारी 60 मैलांवर' याला आहे. जलद चालीने दोन दिवस, म्हणजे दहाव्या दिवशी कसंबसं पोचणार, तेही वाटेत कुणी अडवलं नाही तर.

तेव्हा दर रविवारी न चुकता भेटणारं टेबल असेल, आणि नोंदी ठेवायची हौस असलेला एक तरी खेळाडू असेल, तर वही घ्या. असं टेबल बडोद्यात माझ्या पाहण्यात नाही. बाकीच्यांनी घड्याळच घ्यावं, आणि पाचवी फाक भरली, म्हणजे विष पोटात गेलं, की त्या दहा दिवसांपुरती वही उघडावी. वहीत मृत्यूची वेळही टाका. राजा पहाटे गेला की रात्री, यावर शेवटच्या सेशनला वाद होणारच, आणि तेव्हा दाखवायला तुमच्याकडे लेखी असलेलं बरं.