'टेस्टेड आहे सर': जुन्या जॉयस्टिकपायी मी कसा गंडलो

सांगायला लाज वाटते, कारण सोल्डरिंग आयर्न हातात धरता येतं आणि मल्टिमीटर घरात आहे एवढ्यावर आपल्याला कोणी गंडवणार नाही असा माझा समज होता. तरी लिहितोय, कारण जुना पीसी जमवून डॉसचे, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमचे, गेम खेळणारे हल्ली बरेच झालेत आणि सगळ्यांची गाडी शेवटी इथेच येऊन अडते. मशीन मिळतं, साउंड कार्ड मिळतं, जाडजूड मॉनिटरसुद्धा मिळतो, आणि मग विमानाचा गेम लावला की कळतं कीबोर्डवर यात काही राम नाही, स्टिकच पाहिजे.

माझं मशीन ४८६ डीएक्स२-६६, त्यात आयएसए साउंड कार्ड आणि कार्डाच्या मागे १५ पिनचा गेम पोर्ट, म्हणजे जॉयस्टिक जोडायची जागा. बजेट बेताचं. शोधत होतो सीएच कंपनीची फ्लाइटस्टिक प्रो, कारण चार बटणं, वर आजूबाजूला नजर फिरवायचा टोपीसारखा हॅट, बाजूला थ्रॉटलचं म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचं चाक, आणि सगळं अ‍ॅनालॉग म्हणजे डॉसमध्ये ड्रायव्हर वगैरे काही घालायला नको. डब्यासकट कोरी असेल तर लोक वाट्टेल तो भाव लावतात, ते सोडून द्या, मला वापरलेली चालणार होती.

एक दिवस विक्रीच्या एका साइटवर एक सापडली. किंमत बघून संशय यायला हवा होता तर तसं काही नव्हतं, कारण विकणारा हुशार, चालू भावाच्या साधारण दोन तृतीयांश लावलेली, म्हणजे घेणाऱ्याला वाटावं चांगली मिळतेय आणि अतिस्वस्त म्हणून शंकाही येऊ नये. वर्णनात 'टेस्टेड, वर्किंग', आणि पुरावा म्हणून विंडोज ९८ च्या गेम कंट्रोलर्समधल्या टेस्ट पानाचा फोटो. चौकटीत मधोमध अधिकचं चिन्ह, शेजारी थ्रॉटलची पट्टी बरोब्बर अर्धी भरलेली. मी तो फोटो बघितला आणि तिथेच विरघळलो. आता विचार केला की स्वतःच्याच डोक्यात टपली मारावीशी वाटते. स्टिकला हात न लावता काढलेल्या फोटोत चिन्ह मधोमध असणार नाही तर कुठे असणार, त्यालाच तर कॅलिब्रेट करणं म्हणतात! मी एक प्रश्न विचारला, 'सगळं चालतंय ना?' उत्तर आलं, 'टेस्टेड आहे सर'. झालं, पैसे पाठवले.

पार्सल आलं, पॅकिंग छान, स्टिक चकचकीत, हातात वजनदार. खोक्याचा व्हिडिओ काढला नाही, तो का काढायला हवा होता ते पुढे येतंच.

पहिल्या संध्याकाळी एक्सचं, म्हणजे डावं-उजवं, चालणं ठीक. वायमध्ये, म्हणजे पुढे-मागे, गंमत होती, नाक खाली घालताना लोण्यासारखं जायचं आणि वर उचलताना धक्के, पायऱ्या उतरल्यासारखं एकेक टप्पा उडी मारत. थ्रॉटल फिरवला तर इंजिन ढिम्म हलेना. आणि तिसरं म्हणजे लढाईच्या ऐन भरात ट्रिगर आणि दुसरं बटण एकदम दाबलं की विमानाच्या खिडकीतून नजर आपोआप डावीकडे वळायची.

आता जुन्या मशीनवाल्याची खोड अशी की आधी तो स्वतःवर संशय घेतो. मीही घेतला. साउंड कार्डावर गेम पोर्ट आहे आणि माझ्या आय/ओ कार्डावरही एक निघाला, दोन्ही २०१ याच हेक्स पत्त्यावर बसलेले, म्हणजे टक्कर नक्की. जंपर शोधून एक बंद केला. फरक शून्य. मग वाटलं प्रोसेसर फास्ट पडत असेल. गेम पोर्टचं काम मोठं गमतीशीर आहे, स्टिकमध्ये १०० किलोओहमचा पॉट असतो, म्हणजे फिरवला की रेझिस्टन्स बदलणारा भाग, कार्डावर टायमर असतो, चालू असलेला गेम त्या पोर्टाला टोचतो आणि सिग्नल खाली पडायला किती वेळ लागला ते मोजत बसतो, पूर्ण १०० किलोओहमला साधारण १.१ मिलिसेकंद. मोजणारा प्रोसेसर असल्यामुळे काही जुने गेम जोरदार मशीनवर गडबडतात हे खरंच आहे. म्हणून टर्बो बंद केला, प्रोसेसरचा वेग वाढवणारी कॅश मेमरी बंद केली, दोन संध्याकाळी गेल्या, वायचे धक्के जसेच्या तसे.

मग विकणाऱ्याला लिहिलं, तिन्ही तक्रारी एकदम. आणि इथे माझी पहिली मोठी चूक झाली. त्याने अत्यंत नम्रपणे नजर डावीकडे वळण्याचा मुद्दा उचलला आणि सांगितलं की सर, ही या स्टिकची मूळ रचनाच आहे. आणि ते खरं होतं! पोर्टाला बटणांच्या तारा चारच, त्यामुळे सीएचने हॅटची चार तोंडं एकाहून जास्त बटणांच्या मेळातूनच पाठवलीत, ट्रिगर आणि दुसरं बटण एकदम दाबलं की गेमला ते हॅटसारखंच दिसतं. थ्रस्टमास्टर या दुसऱ्या कंपनीने तोच प्रश्न वेगळा सोडवला होता, त्यांचा हॅट चौथ्या अक्षावर वेगवेगळे रेझिस्टन्स टाकतो. तर एका मुद्द्यावर मी उघडा पडलो आणि त्याचा सूर बदलला, 'सर तुम्ही नवीन आहात का यात? जुन्या वस्तूचं असंच असतं, थोडं हात बसू द्या.' आणि मी, खरं सांगतो, ओशाळलो. वाटलं बाकीच्या दोन गोष्टीही माझ्याच अज्ञानातून असतील.

पुढे तो कधी चिडला नाही, गायब झाला नाही, प्रत्येक मेसेजला उत्तर. केबल हलवून बघा. विंडोजमधून परत कॅलिब्रेट करा. माझा एक मित्र यातला जाणकार आहे त्याला विचारतो, दोन दिवस द्या. मित्र गावाला गेलाय. परत कॅलिब्रेट केलंत का? असं करता करता तक्रार नोंदवायची मुदत संपली आणि ती संपायला किती दिवस आहेत हे माझ्यापेक्षा त्याला जास्त पाठ होतं. शिव्या देणारा परवडला, तो लगेच ओळखू येतो.

मग मल्टिमीटर काढला, जो पहिल्याच दिवशी काढायचा होता. हे नीट सांगतो कारण याला स्टिक उघडावी लागत नाही, पीसीसुद्धा लागत नाही. प्लगची पिन १ म्हणजे पाच व्होल्टची, ३ म्हणजे एक्स, ६ म्हणजे वाय, ११ आणि १३ म्हणजे दुसऱ्या स्टिकचे एक्स-वाय, ज्यातला १३ हा सीएचने थ्रॉटलला वापरलाय. पाच व्होल्ट ८ आणि ९ वरही असतात, काही केबलींमध्ये त्यातल्या मोजक्याच तारा जोडलेल्या असतात, तेव्हा १ वरून काही लागलं नाही तर ९ वरून बघा. मीटर ओहमवर ठेवून १ आणि ३ ला टोकं लावली, स्टिक डावीकडे ९ किलोओहम, मध्ये ४८, उजवीकडे ९१. छान. आकडा सावकाश सरकत जायला हवा, मध्येच उडाला तर आतला कार्बनचा पट्टा घाण झालाय किंवा झिजलाय. टोकाचे आकडे स्टिकप्रमाणे वेगळे येतात, पण मधला आकडा दोन्ही टोकांपासून साधारण सारख्या अंतरावर हवा. मग वाय: एका टोकाला ३, मध्ये १२, दुसऱ्या टोकाला ४१. म्हणजे अर्ध्या बाजूला जेमतेम नऊ किलोओहम आणि अर्ध्या बाजूला एकोणतीस. वर उचलताना पायऱ्या का लागत होत्या ते कळलं, त्या बाजूला गेमला मोजायला काही उरलेलंच नव्हतं.

आणि थ्रॉटल. चाक खाली, ४७.१. चाक वर, ४७.१. चाक गरागरा फिरवलं, ४७.१.

तेव्हा राहवेना, खालचे स्क्रू काढले. काढतानाच दिसलं की खाचा आधीच खरवडलेल्या आहेत. आत वायचा पॉट नवा कोरा, त्यावर छापलेलं ए१००के. हल्ली बहुतेक ठिकाणी ए म्हणजे ऑडिओचा, आवाज कमी-जास्त करायच्या चाकाला लावतात तो, ज्याचा रेझिस्टन्स सुरुवातीला हळू आणि मग भसकन वाढतो, जॉयस्टिकला लिनियर, म्हणजे सारख्या गतीने वाढणारा लागतो, तो बी. इथवर मी त्याला संशयाचा फायदा देतो, हाताला लागला तो बसवला असेल. पण थ्रॉटलच्या चाकाला पॉटच नव्हता. चाक नुसतं आसावर फिरत होतं आणि त्याच्या दोन तारांमध्ये एक छोटा रेझिस्टर डाग देऊन बसवलेला, पिवळा, जांभळा, नारिंगी, सोनेरी. सत्तेचाळीस किलोओहम. डाग ताजा, चमकणारा, कडेला फ्लक्सचा तपकिरी ओघळ तसाच, वर व्यवस्थित काळी टेप.

हे का केलं असेल यावर मी बराच वेळ बसून होतो. तारा नुसत्या सोडून दिल्या असत्या तर तो अक्ष स्क्रीनवर दिसलाच नसता, कारण सर्किट उघडं असलं की टायमर खाली पडतच नाही आणि पीसी समजतो तिथे काही जोडलेलंच नाही. सत्तेचाळीस घातले की पट्टी बरोब्बर मध्ये उभी राहते. फोटोपुरती.

सगळे फोटो काढून त्याला पाठवले. तीन मिनिटांत उत्तर: 'सर तुम्ही उघडलीत ना, आता काय बोलणार, मी दिली तेव्हा सीलबंद होती.' साइटवाल्यांनाही लिहिलं, त्यांनी मुदत गेली आणि वस्तू उघडली अशी दोन कारणं देऊन विषय मिटवला, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही कोणावर विश्वास ठेवला असता कोणास ठाऊक. पार्सल फोडल्याचा आणि लगेच प्लगवर मीटर लावल्याचा एक सलग व्हिडिओ असता तर हे सगळं पहिल्या दिवशीच संपलं असतं.

आता घेताना मी एकच गोष्ट मागतो, स्टिक हलवतानाचा व्हिडिओ, चारही कोपरे, थ्रॉटल या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकेक बटण. पीसी नसेल तर प्लगवरचे तीन-तीन आकडे, डावं-मध्य-उजवं. 'माझ्याकडे टेस्ट करायला मशीन नाही, आहे तशी देतोय' असं सरळ सांगणारा माणूस मला आता जास्त प्रामाणिक वाटतो, फक्त भाव त्या हिशोबाने हवा. मूठ रबरी असेल तर चिकट झालीय का विचारा, जुनं रबर पाझरतं. प्लास्टिक पिवळं पडलेलं असेल तर घाबरू नका, आणि उलट संशयास्पद पांढरं असेल तर कोणीतरी पेरॉक्साइडने धुतलंय, म्हणजे उघडलेलंही असणार.

बाकीचे सापळे थोडक्यात, कारण त्यात फसवणारा असतोच असं नाही, बऱ्याचदा विकणाऱ्यालाही माहीत नसतं. १५ पिन दिसली म्हणजे पीसीची असं समजू नका, नियो जिओच्या घरगुती कन्सोलच्या स्टिकलाही १५ पिन असतात आणि बीबीसी मायक्रोच्याही, वायरिंग वेगळं. ९ पिनवाल्या अटारी छापाच्या स्टिकमध्ये नुसते स्विच असतात, त्या गेम पोर्टवर चालायच्या नाहीत. मायक्रोसॉफ्टची साइडवाइंडर थ्रीडी प्रो १९९५ ची, डिजिटल आहे पण तिला अ‍ॅनालॉगचं सोंग घ्यायचा स्विच आहे म्हणून डॉसमध्ये चालते, सगळ्याच डिजिटल स्टिकचं तसं नसतं, बऱ्याचशा विंडोजच्या ड्रायव्हरशिवाय मुक्या. आणि स्वस्तातला गेम पोर्ट ते यूएसबी अ‍ॅडॉप्टर घेऊन नव्या पीसीवर लावणार असाल तर तो साध्या अ‍ॅनालॉग स्टिकपुरताच धरा. नव्या विंडोजमध्ये खुद्द गेम पोर्टचा सपोर्ट व्हिस्टापासूनच काढलाय.

माझ्या स्टिकचं म्हणाल तर एका मेलेल्या स्टिकमधले दोन पॉट काढून बसवले, चालते, दोन बटणं दाबली की नजर अजून डावीकडे वळते आणि आता त्याचं काही वाटत नाही. बजेट खरंच कमी असेल तर मात्र दोन बटणांची, बिननावाची साधी अ‍ॅनालॉग स्टिक घ्या, मी नंतर एक कवडीमोलाने घेतली, आकडे विचारून, आणि निम्मे गेम मी तिच्यावरच खेळतो.

मध्यंतरी त्याच माणसाची अजून एक स्टिक विक्रीला दिसली, फोटो तोच, अधिकचं चिन्ह मधोमध आणि पट्टी अर्धी. मित्राच्या खात्यावरून मेसेज टाकला की पिन १ आणि १३ मध्ये थ्रॉटल खाली-वर करून किती ओहम येतात तेवढं सांगा. उत्तर लगेच आलं: 'एवढं टेक्निकल मला कळत नाही सर. पण टेस्टेड आहे.'