गाओकाओचं इंग्रजी, जपानी की आयेल्ट्स? शेजारणीच्या लेकीसाठी मांडलेला हिशोब

चीनमधल्या शाओशिंगजवळच्या केच्याओमध्ये कापडाच्या व्यापारामुळे भारतीय माणसं बरीच आहेत. आम्हीही इचलकरंजीहून त्याच धाग्याला धरून इथे आलो. इथल्या शेजाऱ्यांचा एक ठाम समज आहे, की भारतीय माणूस इंग्रजी पोटातूनच शिकून येतो. त्यामुळे जूनमध्ये समोरच्या फ्लॅटमधली शेजारीण यांगमेईची टोपली घेऊन दारात उभी राहिली, तेव्हाच मला अंदाज आला की फळं नुसती फळं नाहीत. तिची लेक 'गाओ-ई'त, म्हणजे आपल्या हिशोबाने दहावीत. इंग्रजीत १५० पैकी पंच्याण्णवच्या आसपास अडकलेली. वर्गशिक्षिका म्हणतात घासत राहा, मावशी म्हणते जपानी घे, आणि बापाला वाटतं आयेल्ट्स, म्हणजे परदेशी विद्यापीठांना लागणारी इंग्रजीची परीक्षा, देऊन विलायतेला पाठवावं. "जिए (ताई), तू सांग."

इथल्या भारतीय घरांना हा प्रश्न थेट पडत नाही. भारतीय पासपोर्टची मुलं साधारणपणे गाओकाओच्या, म्हणजे बारावीनंतरच्या चिनी विद्यापीठ-प्रवेश परीक्षेच्या, रांगेत नसतात. पण चिनी जोडीदार असलेल्या घरांत, आणि माझ्यासारख्या 'इंग्रजीवाल्या' शेजारणीच्या दारात, तो हमखास येतो. म्हणून तिला जे सांगितलं ते इथे मांडते.

आधी वजन समजून घ्या

आपल्याकडे बारावीचं इंग्रजी म्हणजे पास झालं की सुटलो. खरी लढाई सीईटी-नीटची. इथे तसं नाही. गाओकाओ एकूण ७५० गुणांची, त्यात चिनी, गणित आणि परकीय भाषा प्रत्येकी १५०. निवडीचे तीन विषय प्रत्येकी १००. म्हणजे इंग्रजीचं वजन गणिताइतकं आणि भौतिकशास्त्रापेक्षा दीडपट.

आणि नीट वाचा: रकाना 'परकीय भाषा' असा आहे, 'इंग्रजी' असा नाही. इंग्रजी, जपानी, रशियन, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश यांपैकी कोणतीही एक चालते. मावशीची सूचना याच फटीतून आली.

गाओकाओचं इंग्रजी

दोन तासांचा पेपर. श्रवण ३० गुण, वाचन ५०, भाषावापर ३० (रिकाम्या जागा आणि व्याकरण), लेखन ४०. बोलणं शून्य, निदान आमच्या झेजियांग प्रांतात तरी. हे प्रांतागणिक बदलतं. बीजिंगमध्ये श्रवण-संभाषणाचे ५० गुण संगणकावर घेतले जातात, ग्वांगदोंगमध्ये २०, शांघायमध्ये १० गुणांची श्रवण-संभाषण परीक्षा आहे. मुलगी परीक्षा कुठे देणार हे बहुतेक वेळा हुकौ, म्हणजे घराच्या नोंदणीवर ठरतं. तेव्हा दुसऱ्या प्रांतातल्या भाचीची तयारी बघून आपल्या मुलीची वही भरू नये.

वाचनाचा भाग सरावाने चढतो. शाळेत ज्याला 'श्वाती' म्हणतात, म्हणजे प्रश्नांचा रट्टा, तो इथे खरोखर कामाला येतो. शब्दांचं म्हणाल तर अभ्यासक्रमाची अपेक्षा तीन हजार ते बत्तीसशेच्या आसपास, बाजारातली पुस्तकं '३५००' छापतात. या शब्दयाद्या अकारविल्हे असल्यामुळे पहिल्याच पानावर 'अबॅन्डन', म्हणजे 'सोडून देणे', हा शब्द येतो आणि पुष्कळ मुलं त्याच दिवशी त्याचा अर्थ अमलात आणतात. हा विनोद इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. शेजारणीच्या लेकीची वहीसुद्धा पहिल्या चार पानांवर मळलेली आणि पुढे कोरी होती.

खरी मेख लेखनात आहे. पहिला तुकडा १५ गुणांचा, ऐंशी शब्दांचं पत्र किंवा सूचना. त्यात तुम्ही नेहमी 'ली ह्वा' नावाचा विद्यार्थी असता. हा ली ह्वा वर्षानुवर्षं कुणा परदेशी मित्राला आमंत्रण देतोय, माफी मागतोय, चहाच्या प्रदर्शनाला बोलावतोय. त्याचं वय वाढत नाही. हे पत्र साच्यात बसतं, पाठांतराने पंधरापैकी अकरा-बारा मिळतात.

दुसरा तुकडा २५ गुणांचा. साडेतीनशे शब्दांची अर्धी गोष्ट देतात, पुढच्या दोन परिच्छेदांची पहिली ओळ देतात, आणि दीडशे शब्दांत गोष्ट पुरी करायची. झेजियांगने हा प्रकार २०१६ मध्ये आणला आणि आता तो अनेक प्रांतांत आहे. इथे पाठांतर उघडं पडतं. शिकवणीवाले 'डोळ्यांतून मोत्यासारखे अश्रू ओघळले' छापाची वाक्यं घोकून घेतात, आणि गोष्ट हरवलेल्या कुत्र्याची असो की मॅरेथॉनची, अश्रू ओघळतातच. माझं मत विचाराल तर या पंचवीस गुणांसाठी एकच औषध: रोज एक छोटी इंग्रजी गोष्ट वाचणं आणि ती बंद करून स्वतःच्या शब्दांत लिहिणं. वर्षभर. हे कंटाळवाणं आहे, त्यामुळे कुणी करत नाही, त्यामुळेच तिथे गुण शिल्लक राहतात.

अक्षराचंही एक खूळ आहे. उत्तरपत्रिका स्कॅन होऊन तपासनिसाच्या पडद्यावर जातात, म्हणून हबेईच्या हेंगश्वे गावाच्या नावाने ओळखलं जाणारं गोल, सुटं, छापल्यासारखं अक्षर मुलं महिनोन्महिने गिरवतात. शेजारणीची लेक त्यात पटाईत आहे. मजकूर यथातथा, पण बघताच डोळे निवतात.

झेजियांगचा मोठा फायदा म्हणजे दोन संधी. बारावीच्या जानेवारीत एक आणि जूनमध्ये एक, दोहोंत जास्त गुण ते धरतात. जानेवारीतच चांगला आकडा पडला की जूनपर्यंतचा वेळ चिनी आणि गणिताला मोकळा. या पद्धतीलाही डाग लागला आहेच. पहिली संधी तेव्हा नोव्हेंबरात असे; नोव्हेंबर २०१८ च्या पेपरात अवघड प्रश्नांना वाढीव वजन देऊन गुण फिरवले गेले, पालक खवळले, प्रांत सरकारने चौकशी केली आणि डिसेंबरमध्ये ते वाढीव गुण रद्द करून मूळ गुण बहाल केले. शेजारीण आजही 'जानेवारीचा भरवसा काय' म्हणते ते यामुळे. मला तो दाखला एका वर्षापुरता वाटतो. दोन संधी या दोन संधीच असतात.

आयेल्ट्स

बापाची कल्पना अशी, की आयेल्ट्स म्हणजे 'खरं' इंग्रजी आणि ते आलं की गाओकाओचं आपोआप येईल. अर्धं बरोबर आहे, पण चुकीचं अर्धं जास्त महाग पडतं.

श्रवण घ्या. गाओकाओत पहिले पाच छोटे संवाद एकदाच ऐकवतात, पण पुढचे सगळे दोनदा, आणि उत्तर तीन पर्यायांतून निवडायचं. आयेल्ट्समध्ये सगळं एकदाच. अर्ध्या तासात ४० प्रश्न, आणि बऱ्याच जागी ऐकलेला शब्द स्वतः लिहायचा. स्पेलिंग चुकलं की गुण गेला. वाचन एका तासात ४० प्रश्न, उतारे लांब. लेखन एका तासात दोन, दीडशे आणि अडीचशे शब्द, पैकी पहिल्यात सहसा आलेख किंवा तक्ता समजावून सांगायचा. इथे कुणाला कुत्रा हरवल्याचं दुःख नाही, मत मांडायचं आणि ते पटवायचं. शिवाय परीक्षकासमोर ११ ते १४ मिनिटं बोलणं.

बोलणं हीच इथली दुखरी जागा. चिनीत 'याबा यिंग्यू' म्हणतात, मुकं इंग्रजी. पेपरात १३० घेणारी मुलं माझ्यासमोर लिफ्टमध्ये 'हॅलो' म्हणून खाली बघतात. त्यात त्यांचा दोष नाही, जे विचारलंच जात नाही ते कोण शिकवणार? आयेल्ट्सची तयारी हे मौन तोडते, हा तिचा सर्वांत मोठा गुण.

आता खर्च. एका परीक्षेची फी दोन हजार युआनच्या वर, आणि एकदा देऊन कुणी थांबत नाही. निकाल दोनच वर्षं चालतो. म्हणजे दहावीच्या सुट्टीत घाईने दिलेली आयेल्ट्स बारावीनंतरच्या सप्टेंबरला शिळी झालेली असते. हे वाक्य मी शेजारणीला दोनदा सांगितलं, कारण बापाने तारीख बघायला सुरुवात केली होती. गाओकाओची तयारी मात्र शाळेतच, रात्रीच्या अभ्यासवर्गासकट, होते. वेगळ्या शिकवण्यांचं गणित जुलै २०२१ च्या 'श्वांगच्येन' धोरणानंतर बदललंच. नववीपर्यंत शालेय विषयांची नफ्यासाठीची शिकवणी बंद झाली, वरच्या वर्गांनाही चाप बसला. इंग्रजी शिकवणीतली बडी कंपनी न्यू ओरिएंटल त्यानंतर लाइव्हस्ट्रीमवर शेतमाल विकू लागली, आणि तिचे मास्तर मका-तांदूळ विकता विकता फळ्यावर इंग्रजी शब्द लिहीत. माझ्या शेजारणीने तो तांदूळ घेतला होता. शब्द मात्र लेकीच्या लक्षात राहिले नाहीत.

टोफेलचं वेगळं सांगत नाही. सगळं संगणकावर, बोलणंही यंत्राशी. समोर माणूस असला की जीभ टाळ्याला चिकटणाऱ्या मुलीला ते कदाचित बरं पडेल, एवढंच.

जपानी

मावशीची बाजू खोटी नाही. चिनी मुलाला जपानीतली अर्धी अक्षरं ओळखीची असतात, शब्दांचा बोजा इंग्रजीपेक्षा कमी, आणि इंग्रजीत साठ-सत्तरवर रुतलेली मुलं जपानी घेऊन वर आल्याची उदाहरणं प्रत्येक गल्लीत आहेत. गुण तेवढेच, १५०.

पण विद्यापीठाच्या माहितीपत्रकात खालच्या बाजूला एक ओळ असते: या शाखेत सार्वत्रिक परकीय भाषा फक्त इंग्रजी शिकवली जाते, इतर भाषेच्या उमेदवारांनी विचारपूर्वक अर्ज करावा. काही शाखा तर सरळ इंग्रजीचीच अट घालतात. म्हणजे बारावीत टाळलेलं इंग्रजी पहिल्या वर्षाला वर्गात येऊन बसतं, आणि तेव्हा बाकीची मुलं तीन वर्षं पुढे असतात. पंच्याण्णववर असलेल्या मुलीने जपानी घेणं म्हणजे चप्पल चावते म्हणून अनवाणी चालणं. साठच्या खाली असती, तर मी मावशीशी वाद घातला नसता, फक्त आधी हव्या असलेल्या शाखांची यादी काढायला लावली असती.

मधला दरवाजा

शेजारणीला हा माहीतच नव्हता, आणि तो तर पाऊण तासावर आहे. निंगबोचं नॉटिंगहॅम विद्यापीठ २००४ मध्ये सुरू झालं, सूचौमधलं शिआन च्याओथोंग-लिव्हरपूल २००६ मध्ये. दोन्हीकडे शिकवणं इंग्रजीत, आणि चिनी मुलांना प्रवेश गाओकाओच्या गुणांवर. निंगबोवाले एकूण गुणांखेरीज इंग्रजीत १५० पैकी ११५ ची अट घालत आले आहेत. परदेशातही गाओकाओ अगदीच वाया जात नाही, बर्मिंगहॅम विद्यापीठाने २०१९ पासून त्या गुणांवर थेट प्रवेश द्यायला सुरुवात केली. यातल्या कोणत्याही दरवाजासाठी गाओकाओचं इंग्रजी सोडावं लागत नाही.

आणि इथेच माझा कल ठरला. गाओकाओच्या तयारीचे शब्द, व्याकरण, वाचन आयेल्ट्सला जसंच्या तसं कामी येतं, वर फक्त बोलणं आणि मुद्देसूद लेखन चढवायचं. उलटं तितकं होत नाही. आयेल्ट्सवर वर्ष घालवलेल्या मुलीला ली ह्वाचं पत्र आणि गोष्टीची शेपटी नव्याने शिकावी लागते, आणि विलायतेचा बेत बापाच्या रंगाईच्या ऑर्डरींसारखा मध्येच रद्द झाला, तर हातात काही उरत नाही. आयेल्ट्स आधी, हे फक्त त्या घराने करावं ज्याचे पैसे बाजूला पडलेत, शाळा आंतरराष्ट्रीय विभागाची आहे आणि गाओकाओ द्यायचीच नाही हे पक्कं आहे. निम्मं हे, निम्मं ते करणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या दप्तरात दोन्ही पुस्तकं असतात आणि दोन्हींची पहिली चार पानं मळलेली.

शेजारणीला सांगितलं: लक्ष्य बारावीच्या जानेवारीचं ठेव आणि आकडा ११५. या सुट्टीत रोजची गोष्ट सुरू. आयेल्ट्सचं नाव अकरावी संपेपर्यंत काढायचं नाही, त्यानंतर विलायत नक्की ठरली तर जानेवारीचा पेपर झाल्यावर परीक्षेची तारीख घ्यायची. बोलण्यासाठी लेकीने रविवारी सकाळी माझ्याकडे यावं, मी पोहे करते, ती इंग्रजीत तक्रार करेल. फी नको, यांगमेई पुरे.

बापाला हे फार स्वस्तात सुटल्यासारखं वाटलं, त्यामुळे त्याचा विश्वास बसायला आठवडा गेला. मग एका संध्याकाळी दाराखालून एक चिठ्ठी सरकली. शनिवारी जेवायला बोलावलं होतं, वेळ, ठिकाण, काय काय असेल, सगळं मुद्द्यांनिशी. अक्षर हेंगश्वेचं, शब्द मोजून ऐंशी, आणि खाली सही: आपली विश्वासू, ली ह्वा.