नाइन-बॉलचा ब्रेक: पूर्ण ताकद की आवरलेला हात?

नाइन-बॉल, म्हणजे १ ते ९ नंबरच्या बॉलनी खेळायचा पूल, जरा मन लावून खेळायला लागलं की ब्रेकचा, म्हणजे मांडलेले बॉल फोडणाऱ्या पहिल्या शॉटचा, हा प्रश्न कधी ना कधी समोर येतोच. मी दोन्ही पद्धतींनी बरीच वर्षं ब्रेक मारलाय. आधी अंगात असेल तेवढा जोर लावून, टेबलाच्या मध्यावरून, समोरासमोर. नंतर बाजूच्या रेलजवळून, म्हणजे टेबलाच्या काठाजवळून, १ नंबरच्या बॉलला किंचित कापून, म्हणजे मध्याऐवजी जरा कडेला मारून, साधारण दोन तृतीयांश ताकदीनं. आज मी दुसऱ्या गटात आहे. पण पहिल्या गटातल्यांना वेड्यात काढावं असं मला वाटत नाही, आणि त्याला कारणंही आहेत.

स्नूकरमधून आलेल्यांना ब्रेकचं एवढं महत्त्व का, हे सुरुवातीला पटत नाही. तिथे पहिला शॉट म्हणजे कडेच्या लाल बॉलला हलकेच चाटून क्यू बॉल, म्हणजे आपण मारतो तो पांढरा बॉल, परत बॉकमध्ये, टेबलाच्या आपल्या टोकाला, आणायचा आणि समोरच्याला काही मिळू द्यायचं नाही. पूलमध्ये उलटं. ब्रेकवर बॉल पडला तर टेबल तुमचं, आणि व्यावसायिक खेळाडूच्या हातात उघडं टेबल आलं की समोरच्यानं खुर्चीत बसून राहायचं. त्यात जिंकणाऱ्यालाच पुढचा ब्रेक असा नियम असेल तर विचारूच नका. १९९६मध्ये अर्ल स्ट्रिकलंड या अमेरिकन खेळाडूनं डॅलसमध्ये सलग ११ रॅक, म्हणजे डाव, साफ केले होते. दर रॅकला ब्रेकवर काहीतरी पडल्याशिवाय असलं काही घडत नाही.

जोराच्या ब्रेकची बाजू आधी घेतो. जोर जास्त तर बॉल जास्त वेळ फिरतात, जास्त वेळा कुशनला लागतात आणि त्यातला एखादा पॉकेट शोधतो. गुच्छेही कमी उरतात. अमेरिकेच्या शेन व्हॅन बोनिंगनं पाच वेळा नाइन-बॉलची यूएस ओपन जिंकली, त्यात या हत्याराचा वाटा मोठा होता. फिलिपिन्सच्या फ्रान्सिस्को बुस्तामांतेचा ब्रेक ज्यांनी पाहिलाय त्यांना मी काय सांगू! क्यूची टिप (काठीचं टोक) जवळजवळ कापडाला टेकवून उभा राहायचा आणि मग सगळं शरीर त्या शॉटमागे जायचं. टेन-बॉल किंवा एट-बॉल खेळत असाल तर मी तुम्हाला जोरच लावायला सांगेन. तिथला त्रिकोणी रॅक, म्हणजे मांडलेल्या बॉलचा गठ्ठा, हळू मारल्यावर नीट फुटत नाही. रॅक सैल असेल, बॉलच्या मधून उजेड दिसत असेल, तरीही जोरच बरा, कारण अशा रॅकमध्ये कुठला बॉल कुठे जाईल याचा भरवसा नसतो आणि बारीक गणित वाया जातं.

आता आवरलेल्या ब्रेकबद्दल. हा सगळा खेळ घट्ट रॅकवर उभा आहे. बॉल मांडायला प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचा रॅक वापरत असाल, बॉल एकमेकांना खरोखर चिकटलेले असतील आणि १ नंबर स्पॉटवर, म्हणजे टेबलावरच्या खुणेवर, असेल, तर ९च्या दोन्ही बाजूंना जे बॉल असतात, ज्यांना आपण विंग बॉल म्हणतो, त्यातला एक कोपऱ्याकडे जातो. दरवेळी जवळपास त्याच वाटेनं. १ नंबर मधल्या पॉकेटकडे निघतो. क्यू बॉल कुठे ठेवायचा आणि १ला किती जाड, म्हणजे किती मध्याजवळ, लागायचं, एवढं जमलं की जोराची गरज उरत नाही. २००१च्या यूएस ओपनच्या अंतिम सामन्यात कोरी ड्युएलनं मिका इमोनेनला ११-०नं हरवलं, ते अशाच हळू ब्रेकच्या जोरावर. बघणाऱ्या अनेकांना ते आवडलं नव्हतं. ब्रेक म्हणजे धडाका हवा, हा काय प्रकार, असं म्हणणारे आजही भेटतात.

मला आधी धडाकाच आवडायचा. क्यू बॉल रॅकवर आदळल्याचा तो कडाड आवाज आला की आसपासच्या टेबलांवरची माणसं मान वळवतात, आणि खोटं कशाला बोलू, ते बरं वाटतं.

पण एका गोष्टीनं मला छळलं. क्यू बॉल टेबलाबाहेर जायचा.

रोज नाही, दर रॅकला तर नाहीच. पण जायचा तेव्हा नको त्या वेळी जायचा. कारण सरळ आहे. क्यू रेलवरून जातो, त्यामुळे मागचा भाग नेहमी थोडा वर असतो आणि बॉलला वरून खाली मार बसतो. हळू मारलं तर काही कळत नाही. जोरात मारलं की बॉल कापडावरून उठतो, टप्पा घेतो, पुन्हा उठतो. १ नंबरशी गाठ पडताना तो नेमका हवेत असला तर त्याच्या मध्यापेक्षा वर लागतो आणि चढून पलीकडे जातो. खूप खेळलेल्या टेबलावर वाकून, उजेडाकडे तोंड करून बघा: ब्रेकच्या जागेपासून रॅकच्या दिशेनं बारीक पांढरट ठिपके गेलेले दिसतील. ते क्यू बॉलच्या टप्प्यांचे डाग. माझ्या नेहमीच्या टेबलावरचे निदान निम्मे तरी माझे असावेत.

एकदा आधी ९ रॅक जिंकेल तो विजेता अशा सामन्यात ८-८ झालं होतं आणि ब्रेक माझा. मारला, आणि मारताच कळलं की छान बसलाय. दोन बॉल पडले, बाकीचे पसरले, १ नंबर मोकळा. फक्त क्यू बॉल टेबलावर नव्हता. तो दोनदा जमिनीवर टणटण करून भिंतीकडच्या खुर्च्यांखाली गेला होता. मी गुडघ्यावर बसून, हात लांब करून तो काढला, शर्टाला पुसला आणि वळलो तर समोरचा गडी तळहात पुढे करून शांत उभा. बॉल त्याच्या हातात दिला. फाउल असल्यामुळे तो हवा तिथे ठेवायची त्याला मुभा, टेबल मी स्वतः उघडून दिलेलं. त्यानं चार मिनिटांत संपवलं.

हरलो त्याचं एवढं नाही. चांगला मारलेला शॉट आणि वाईट मारलेला शॉट यांचा शेवट एकच होऊ शकतो, हे मला सहन होईना. वाईट ब्रेकला शिक्षा झाली तर माणूस सुधारतो. चांगल्याला झाली तर काय सुधारायचं?

क्यू बॉल टेबलावर राहिला तरी जोराच्या ब्रेकमध्ये सुटका नसते. तो मध्यावर सुंदर थांबलेला असतो, आणि दोन-तीन कुशन फिरून आलेला कुठलातरी बॉल त्याला धक्का देऊन मधल्या पॉकेटमध्ये घालतो. बॉल जितके जास्त फिरणार, तितकी ही शक्यता वाढणार. आवरलेल्या ब्रेकमध्ये टेबलावर गर्दी कमी, त्यामुळे १ कुठे येणार आणि क्यू बॉल कुठे, याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. कधीकधी खालच्या बाजूला गुच्छा उरतो, हे मान्य. तो पुढे फोडता येतो, किंवा पुश-आउटचा, म्हणजे ब्रेकनंतरच्या पहिल्या शॉटला क्यू बॉल नुसता हलवून ठेवायचा, पर्याय असतो. जमिनीवरच्या बॉलला पर्याय नसतो.

नियम मात्र आधी बघून घ्या. बऱ्याच मोठ्या स्पर्धांत आता ९ नंबर स्पॉटवर ठेवतात, त्यामुळे विंग बॉलची ती हुकमी वाट बंद होते. ब्रेक मधल्या चौकटीतूनच मारायचा असं बंधन असतं, म्हणजे बाजूची रेलही गेली. काही ठिकाणी तीन बॉल पडले तरी पाहिजेत किंवा हेड स्ट्रिंगपर्यंत, म्हणजे ब्रेक मारणाऱ्याच्या बाजूच्या रेषेपर्यंत, आले तरी पाहिजेत, अशी अट असते. हळू ब्रेकला लगाम घालायलाच हे सगळं आलं. अशा ठिकाणी माझी पद्धत जशीच्या तशी चालत नाही. मीही तिथे जोर वाढवतो, पण तोही सरळपणा बिघडणार नाही एवढाच.

वेगळा ब्रेक क्यू दोन्ही पद्धतींत घ्यावा असं माझं मत. हळू मारायचं तर वेगळा कशाला, असं विचारतात. खेळायच्या क्यूची चामड्याची टिप ब्रेकनं चपटी होते म्हणून, बाकी काही नाही.

अजूनही ठरत नसेल तर दोन्ही तऱ्हांचे पन्नास-पन्नास ब्रेक मारून पाहा आणि वहीत लिहा. पडलेले बॉल मोजालच, तो मोह कुणाला सुटत नाही. त्याशेजारी आणखी दोन रकाने आखा: ब्रेकनंतर १ नंबर सरळ दिसत होता का, आणि क्यू बॉल उचलायला किती वेळा खाली वाकावं लागलं.