उन्हाळी स्की रेसिंग शिबिराची निवड : दोन शिबिरे आणि आठ महिन्यांनंतरचा अनुभव

माझी तेरा वर्षांची मुलगी स्की रेसिंग करते असे बडोद्यात कोणाला सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो : "इथे बर्फ कुठे आहे?" प्रश्न रास्त आहे. माझ्या नोकरीमुळे आम्ही साडेतीन वर्षे म्युनिकला होतो, तेथे ती शाळेतल्या मुलांबरोबर स्की शिकली, आणि मांजलपूरच्या घरी परतताना दोन जोड स्की, रेसिंगचे बूट आणि तिचा हट्ट हे तिन्ही आमच्याबरोबर आले. गेल्या दोन उन्हाळ्यांत आम्ही तिला ऑस्ट्रियातील हिन्टरटुक्स हिमनदीवर दोन वेगवेगळ्या संस्थांच्या शिबिरांना नेले. दुसरे शिबिर संपून आता आठ महिने झाले आहेत आणि मध्ये गुलमर्गचा एक हंगामही होऊन गेला. शिबिराहून आल्या आल्या लिहिलेला अभिप्राय फारसा उपयोगाचा नसतो, कारण तेव्हा डोंगर, नवे मित्र आणि फोनमधले व्हिडिओ यांची धुंदी उतरलेली नसते. शिबिरात शिकलेल्यापैकी पायात काय उरले हे जानेवारीच्या कडक बर्फावरच कळते, म्हणून मुद्दाम थांबून लिहीत आहे.

ठिकाणाच्या निवडीत आमचा फारसा वेळ गेला नाही, कारण ती शाळेच्या सुट्टीने आमच्यासाठी आधीच करून ठेवली होती. न्यूझीलंड आणि चिली येथे जून ते सप्टेंबर खरा हिवाळा असतो आणि बर्फही हिवाळ्याचाच मिळतो, पण आमच्या शाळा जूनच्या मध्यापर्यंत सुरू होतात. स्वित्झर्लंडमधील सास-फेचा उन्हाळी हंगाम साधारण जुलैत सुरू होतो. दुबईच्या मॉलमधील बर्फाचे सभागृह वर्षभर उघडे असते आणि अहमदाबादहून विमानाने तीन तासांत गाठता येते. परंतु तेथील सर्वांत लांब उतार 400 मीटरचा आणि उंचीतील फरक सुमारे 60 मीटरचा आहे. स्लॅलमची, म्हणजे जवळजवळ लावलेल्या खांबांमधल्या छोट्या वळणांच्या शर्यतीची, पहिली वळणे घोटून घ्यायला तेवढे पुरते, लांब वळणांच्या जायंट स्लॅलमची लय मात्र तेवढ्यात सापडत नाही. हिन्टरटुक्सला बाराही महिने स्कीइंग चालते, गाव 1500 मीटरवर आणि वरचे टोक 3250 मीटरवर आहे, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस जायचे तर हाच पर्याय उरतो. रद्द होण्याची शक्यताही लक्षात घ्यावी लागते. जुलै 2022 मध्ये उष्णतेमुळे स्वित्झर्लंडमधील त्सेरमाटलासुद्धा उन्हाळी स्कीइंग थांबवावे लागले होते, तेव्हा "बर्फ नसेल तर पैसे परत की पुढच्या वर्षीची जागा?" हे पैसे भरण्यापूर्वी लेखी घेणे आवश्यक आहे.

खरी चूक आम्ही संस्था निवडताना केली. पहिल्या वर्षी आम्ही माहितीपत्रकातील दोन गोष्टींवर भुललो : एका कोचमागे सात मुले, आणि पहिल्या दिवसापासून गेट, म्हणजे ज्यांच्यामधून वळत उतरायचे ते खांब. दोन्ही गोष्टी एका अर्थाने खऱ्या निघाल्या. चौदा मुलांमागे दोन माणसे होती, परंतु त्यांतला एक तरुण सकाळी गाडी चालवत असे आणि दिवसभर उताराच्या कडेला कॅमेरा धरून उभा राहत असे. मुलांना शिकवणारा माणूस एकच होता. त्यातच गट मिश्र वयाचा होता. सोळा वर्षांखालील मुलांच्या जायंट स्लॅलमच्या स्कीच्या बाजूच्या वक्राची त्रिज्या किमान 17 मीटर असते आणि मोठ्यांच्या स्कीची 30 मीटर, म्हणजे मोठ्यांची स्की मुळातच लांब वळणासाठी बनवलेली असते. मोठ्या मुलांना सोयीचे पडतील इतक्या अंतरावर गेट लावले की लहान मुले दोन गेटांमध्ये नुसती सरळ घसरत जातात आणि शेवटच्या क्षणी स्की फिरवतात. आमच्या मुलीने आठवडाभर नेमके हेच केले.

त्या वर्षी तिची आई तिच्याबरोबर गेली होती आणि मी बडोद्यातून रोज रात्री व्हिडिओ पाहत होतो. लाल आणि निळ्या खांबांना हाताने धडाधड आडवे पाडत येणारी मुलगी पाहून ऊर भरून येत असे, हे मी कबूल करतो. तेव्हा माझ्या लक्षात आले नाही की हात खांबाकडे पोहोचावा म्हणून ती खांदा आत टाकत होती आणि सगळा भार आतल्या पायावर जात होता. स्कीच्या वळणात बाहेरच्या स्कीवर भार असावा लागतो, हे या खेळाचे मुळाक्षर आहे. पुढच्या जानेवारीत गुलमर्गला ज्या प्रशिक्षकाकडे ती सराव करते त्यांनी दोन फेऱ्या पाहून एवढेच म्हटले, "साहेब, हिला गेटची घाई झाली आहे." ती सवय मोडण्यात तो हंगाम गेला, आणि आपल्याकडचा हंगाम तरी केवढा! 2025 मध्ये बर्फ पुरेसा नसल्याने खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला होता. दीड-दोन महिन्यांच्या बर्फातला निम्मा काळ जुने पुसण्यात घालवणे फार महाग पडते.

दुसऱ्या वर्षी म्हणूनच मी तीन संस्थांना पत्रे लिहून एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत विचारली : दिवसातले किती तास मुले गेटशिवाय स्की करतात? दोघांनी गेटची संख्या कळवली. तिसऱ्या संस्थेने लिहिले की पहिले चार दिवस गेट नसतील, आणि मुलीचा हिवाळ्यातला व्हिडिओ आधी पाठवा. आम्ही तेथे गेलो. सहा मुले, एक कोच, सगळी बारा ते चौदा वयाची.

या वेळी मी स्वतः बरोबर होतो आणि उताराच्या कडेला वही घेऊन उभा राहत होतो. पहिल्या दिवशी कोचबाईंनी सर्वांच्या हातांतल्या काठ्या काढून घेतल्या आणि मुलांना कमरेवर हात ठेवून वळायला लावले. दुसऱ्या दिवशी आतली स्की उचलायची, तिचे टोक बाहेरच्या स्कीवरून तिरके धरायचे आणि एका पायावर वळण पूर्ण करायचे, एवढाच पाठ होता. आमची कन्या सतरा वेळा पडली, मी मोजले. तिसऱ्या संध्याकाळी ती चिडून म्हणाली, "बाबा, इतके पैसे खर्च करून आपण इथे आलो आणि मी एकसुद्धा गेट मारले नाही!" मला काय उत्तर द्यावे हे सुचले नाही, कारण मनातून मलाही तेच वाटत होते. पाचव्या दिवशी गेट आले तेही बुटके, गुडघ्याच्या खाली येणारे, ज्यांना हात लावण्याचा प्रश्नच येत नाही. पूर्ण उंचीचे खांब शेवटचे दोन दिवस मिळाले.

वहीतला हिशोब मात्र बोलका आहे. पहिल्या शिबिरात मुलीने ठेवलेल्या डायरीप्रमाणे तिला दिवसाला सहा-सात फेऱ्या मिळत, प्रत्येकीत पंचवीसच्या आसपास गेट. म्हणजे पावणेदोनशे वळणे, त्यांतली बरीचशी चुकीची. दुसऱ्या शिबिरात दिवसाला चौदा फेऱ्या होत आणि प्रत्येक फेरीनंतर कोचबाई मुलीशी एकच वाक्य बोलत. रांगेत उभे राहण्याचा वेळ निम्म्याहून कमी होता, कारण गेटची मार्गिका इतर संघांबरोबर वाटून घ्यावी लागत नव्हती.

उन्हाळी हिमनदीवर वेळेचे गणित वेगळे असते, हेही आधी कोणी सांगितले नव्हते. पहाटेचा बर्फ काचेसारखा असतो आणि अकरा-साडेअकरापर्यंत त्याचा भुसा होतो, म्हणून कामाचे तास सकाळचेच. मार्गिका जास्त वेळ टिकावी म्हणून तिच्यावर मीठ टाकतात. मीठ पडले की वरचा थोडा बर्फ वितळतो, त्या वितळण्याला लागणारी उष्णता आजूबाजूच्या ओल्या बर्फातून खेचली जाते आणि तो गोठून कडक होतो. बडोद्यात संच्याचे आइस्क्रीम फिरवताना बर्फात मीठ का घालतात हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळे समजवावे लागत नाही. मुक्कामाला लांबच्या स्वस्त गावात राहून शिबिर पहिली केबल कार गाठणार नसेल, तर त्या स्वस्ताईला काही अर्थ नाही.

उंचीचा त्रास आम्हाला दोन्ही वर्षी झाला. बडोदे समुद्रसपाटीपासून जेमतेम 35-40 मीटरवर आहे, आणि तिसऱ्या दिवशी मूल 3000 मीटरवर जोर लावत असते. मुक्काम 1500 मीटरवरच्या गावात असल्याने झोप लागली, तरी पहिल्या दिवशी डोके दुखणे आणि जेवण नको वाटणे हे झालेच. दुसऱ्या वर्षी आम्ही दोन दिवस आधी पोहोचलो आणि त्याचा उपयोग झाला. ओठ मात्र दोन्ही वर्षी भाजले. बर्फावरून परतणारे ऊन हनुवटीच्या खालूनही लागते, तेथे मलम लावायचे कोणाच्या लक्षात राहत नाही.

बुटांबाबत आम्ही ठेच खाऊन शिकलो. पहिल्या शिबिरात कोचच्या सांगण्यावरून तेथेच नवे बूट घेतले, अगदी पायाला चिकटून बसणारे. जानेवारीत ते चढेनात, कारण सात महिन्यांत पाय वाढला होता. शिवाय स्कीच्या बुटाचे प्लास्टिक उष्णतेत मऊ आणि थंडीत ताठ होते, त्यामुळे मे महिन्यात बडोद्याच्या दिवाणखान्यात वाकवून पाहिलेला बूट हिमनदीवर सकाळी सातला निराळाच वागतो. वाढत्या मुलाचे बूट हंगामाच्या तोंडावर घ्यावेत, शिबिरासाठी भाड्याचे चालतात.

स्कीची निगा हा बडोद्यातला खरा पेच आहे. येथे कडांना धार लावून देणारा कोणी नाही, म्हणून दुसऱ्या शिबिरात रोज संध्याकाळी मुलांकडून कानस चालवून घेत, त्यात मीही शिकलो, आणि माझ्या दृष्टीने फीमधला तो सर्वांत वसूल झालेला भाग होता. पहिल्या पावसाळ्यात माळ्यावर ठेवलेल्या स्कीच्या पोलादी कडांवर श्रावणापर्यंत तांबूस गंज चढला होता. आता परतल्या दिवशीच तळावर आणि कडांवर मेणाचा जाड थर देऊन ठेवतो, आणि तो डिसेंबरमध्ये खरवडून काढतो. मी ओट्याजवळ स्की आडवी ठेवून इस्त्रीने मेण वितळवत असताना माझी आई म्हणाली, "अरे, ही कसली इस्त्री? एकही कपडा दिसत नाही!"

विम्याबद्दल एकच सांगतो, पण ते नीट वाचावे. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो आणि तो सहज मिळतो. मात्र आमच्या पहिल्या पॉलिसीत बारीक अक्षरांत रेसिंग आणि त्याचा सराव वगळलेला होता. व्हिसा मिळाला, मूल आठवडाभर गेटमधून उतरले, आणि ही अट आमच्या ध्यानात आली ती घरी परतल्यावर. दुसऱ्या वर्षी रेसिंगच्या सरावाचा स्पष्ट उल्लेख असलेला विमा वेगळा घेतला.

दुसरे शिबिर निर्दोष नव्हते. व्हिडिओ पाहण्याची बैठक रोज होईल असे सांगितले होते, ती सात दिवसांत तीनदाच झाली. शाकाहारी जेवण म्हणजे चीज आणि बटाटे, बटाटे आणि चीज. थेपले आणि मेतकूट बरोबर नेले नसते तर कठीण होते. अखेरचा लेखी अहवाल जर्मनमध्ये आला.

आता आठ महिन्यांनंतरची स्थिती. या जानेवारीत गुलमर्गला सकाळच्या न तुडवलेल्या बर्फावर तिने पहिली फेरी घेतली आणि मी खाली न थांबता तिच्या स्कीने बर्फात उमटवलेल्या रेघा पाहत वर चालत गेलो. उजव्या वळणांत बाहेरची रेघ चाकूने कापल्यासारखी बारीक आणि खोल होती. डाव्या वळणांत ती अजून मधूनमधून पसरते, पण मागच्या वर्षी तेथे रेघच नव्हती, खरवडलेला पट्टा होता. वेळेत फार मोठी सुधारणा झालेली नाही. स्लॅलममध्ये ती तिच्या वयाच्या मुलींच्या मागेच आहे. परंतु घसरून बाद होण्याचे प्रमाण स्पष्टपणे घटले आहे, आणि प्रशिक्षकांनी या वेळी घाईचा विषय काढला नाही.

यंदा त्याच संस्थेकडे जागा मागितली आहे. गुलमर्गचा व्हिडिओ पाठवला, त्यावर कोचबाईंचे उत्तर आले की डाव्या वळणासाठी पहिले दोन दिवस पुन्हा गेटशिवायच जातील. मुलीने ते वाचून तोंड वाकडे केले, मग कॅलेंडर काढून शाळेचा शेवटचा पेपर कधी आहे ते पाहू लागली.