ग्लॅडिस की मार्विन? ‘ग्रेपव्हाइन’ आधी कुणाचं ऐकायचं

‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’ हे अमेरिकन गाणं पहिल्यांदा ऐकणार असाल तर ग्लॅडिस नाइटचं लावायचं की मार्विन गेचं हा प्रश्न खरंच पडतो, कारण गाणं तेच, रेकॉर्ड कंपनी तीच म्हणजे डेट्रॉइटची मोटाउन, प्रोड्युसर पण तोच नॉर्मन व्हिटफिल्ड (त्यानेच बॅरेट स्ट्राँगसोबत लिहिलंय) आणि तरी दोन्ही ऐकून वेगळीच दोन माणसं समोर उभी राहतात. आपलं माणूस दुसऱ्या कुणात गुंतलंय हे त्याच्या तोंडून नाही तर उडत उडत कानावर आलं (‘थ्रू द ग्रेपव्हाइन’ म्हणजे तेच), एवढीच गोष्ट.

ग्लॅडिस नाइट अँड द पिप्सचं १९६७ चं. चर्चमधल्या गाण्यासारखा जोर, टाळ्या वाजवाव्याशा वाटतात, आणि ती रडत नाही, जाब विचारते. पिप्स म्हणजे तिचा सख्खा भाऊ आणि नात्यातले भाऊ, ती एक ओळ म्हणते की हे लगेच मागून साथ देतात, घरची माणसं पाठीशी उभी आहेत असंच वाटतं. बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत, २ नंबरपर्यंत गेलं होतं.

मार्विन गेचं मात्र हळूच सुरू होतं, इलेक्ट्रिक पियानोची ती खालच्या पट्टीतली घुटमळणारी धून, टँबरीनची (खंजिरीसारखं वाद्य) सळसळ, मग व्हायोलिन्स अंगावर येतात. व्हिटफिल्डने त्याला मुद्दाम त्याच्या नेहमीच्या पट्टीच्या वर गायला लावलं, त्यामुळे आवाज ताणला जातो आणि तो ताणच खरा वाटतो. मागे बायकांचा कोरस आहे, पण तो त्याच्या बाजूचा वाटतच नाही, ज्यांनी कुजबुज केली त्याच ह्या असं मला दर वेळी वाटतं. म्हणजे हा माणूस एकटाच आहे. गंमत म्हणजे हे ग्लॅडिसच्या आधी रेकॉर्ड झालेलं पण मोटाउनचा मालक बेरी गॉर्डीने सिंगल म्हणून, म्हणजे एकट्या गाण्याची वेगळी रेकॉर्ड म्हणून, काढायला नकार दिला, १९६८ मध्ये अल्बममध्ये आलं, रेडिओवाल्यांनी तिथून उचलून वाजवलं तेव्हा कुठे सिंगल निघालं आणि मग सलग ७ आठवडे १ नंबर.

क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या रॉक बँडचं १९७० चं ११ मिनिटांचं पण आहे, गिटार आवडत असेल तर नंतर ऐका.

मी सांगेन आधी मार्विन, रात्री, हेडफोन लावून. पण स्वतःला नुकताच असा दगा मिळाला असेल तर मार्विन अजिबात नको, तो अजून खोल नेतो, तेव्हा ग्लॅडिसच लावा आणि आवाज मोठा ठेवा.